क्वार्टरच्या मागं कोणतं झाड होतं?

कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. रायपूरच्या एका लहान कंपनीत मी वेबसाइटचं लॉगिन लिहिते. तुम्ही नंबर टाकता, पासवर्ड टाकता, आणि मग पान उघडतं किंवा उघडत नाही. उघडलं नाही की तुम्ही ज्याला शिव्या घालता, ती बहुतेक वेळा मी असते. या कामात मी एक वाक्य इतक्यांदा लिहिलं आहे की डोळे मिटूनसुद्धा टाइप होईल: "हा अधिकार आपल्याला नाही." कॉलेजांच्या साइटवर लिहिलं, गोदामांच्या लिहिलं, दवाखान्यांच्या लिहिलं. ते कुणाला मोठ्यानं वाचताना मात्र मी एकदाच ऐकलं. वाचणाऱ्या आमच्या शेजारच्या काकू होत्या. त्या दिवशी मला जी लाज वाटली ती अजून उतरलेली नाही, आणि त्या बाईंचे उपकारही मी अजून विसरलेली नाही.

धंदा तसा वारशानंच आला म्हणायचा. बाबा भंडाऱ्याकडच्या खेड्यातून भिलाईला आले आणि पोलादाच्या प्लांटमध्ये पास सेक्शनला चिकटले. मोठ्या गेटजवळ एक खिडकी होती, खिडकीमागे बाबा. कोणाला आत जायचंय, कोणत्या खात्यात, कोणत्या दिवसापर्यंत, हे सगळं त्या पासावर लिहिलेलं असायचं. रेल मिलचा, म्हणजे रूळ बनवायच्या खात्याचा, पास असलेला माणूस भट्टीकडे जाऊ शकत नसे, मग तो कितीही ओळखीचा असो. घरी बाबा अगदी मवाळ. आई काही बोलली तर मान हलवून पेपरात डोकं घालायचे. पण त्या खिडकीत बसले की त्यांच्या अंगात वेगळाच माणूस यायचा.

मी दहा वर्षांची असताना कामगारांच्या घरच्या लोकांना प्लांट दाखवायचा दिवस होता. प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमधली सगळी बिऱ्हाडं नटूनथटून निघालेली. मी नवा फ्रॉक घालून खिडकीशी गेले, कारण आमचे तर बाबाच तिथं होते. बाबांनी यादीवर बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पास दिला नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नव्हते.

"बाबा, मी हावो नं!" मी ओरडले.

"तू कोण हाये, थे मले मालूम हाये," बाबा म्हणाले. "आत जाऊ द्याचं का नाई, थे हा कागद सांगते."

मागे उभी असलेली माणसं हसली. मी गेटपासून घरापर्यंत रडत आले आणि पुढे आठ दिवस बाबांशी बोलले नाही. राग धरण्यात माझा हात कोणी धरणार नाही. हा किस्सा मी पुढे सगळ्यांना सांगत आले, सासरी सांगितला, ऑफिसात सांगितला, आणि दर वेळी बाबांना थोडं अधिक निष्ठुर करून सांगितला. गंमत अशी की नोकरीत नव्यानं आलेल्यांना शिकवताना मी त्यांचंच वाक्य वापरते. कारण या कामातल्या अर्ध्याअधिक चुका तिथंच होतात. आलेला माणूस कोण आहे, हे ओळखणं एक काम. त्याला काय काय करू द्यायचं, हे ठरवणं दुसरं काम. नवी पोरं दोन्हीची खिचडी करतात, मग कोणीही एकदा आत शिरला की सगळ्या खोल्यांतून हिंडतो.

आता काकूंबद्दल. आमच्या क्वार्टरला लागूनच त्यांचं क्वार्टर, मधे फक्त मेंदीचं कुंपण होतं. काका प्लांटमध्येच होते, नोकरीत असतानाच गेले. काकू सातवी शिकलेल्या. आमच्या सेक्टरमध्ये एक मराठी मंडळ आहे. गणपती, हळदीकुंकू, कोजागिरी असं सगळं तिथं चालतं. त्याच्या मागच्या खोलीत आजाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू ठेवलेल्या असतात: चाकाच्या खुर्च्या, वॉकर, वरखाली होणारा पलंग, श्वासाच्या रोग्यांसाठी ऑक्सिजनची दोन मशीनं. ज्याला लागेल त्यानं न्यावं, काम झालं की आणून द्यावं. त्या खोलीच्या आणि आतल्या कपाटांच्या किल्ल्या काकूंच्या कमरेला. काका गेल्यानंतरच्या वर्षी कोणीतरी त्या त्यांच्याकडे दिल्या, आणि नंतर त्या कोणी परत मागितल्याच नाहीत. काकू रोज चार वाजता यायच्या, खोली झाडायच्या, एका लांब वहीत नोंद करायच्या. एकट्या बाईला रोज घराबाहेर पडायला तेवढं कारण पुरत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांची एक पद्धत होती. लोक निवृत्त झाले की क्वार्टर सुटायचं. कोणी कुम्हारीला घर बांधलं, कोणी पावर हाउस नावाच्या वस्तीमागे, जिथं पुढे आम्ही आणि काकूही गेलो, कोणी दुर्गला. मग फोन यायचा, अमक्या नंबरच्या क्वार्टरवाला बोलून राहिलो, माणूस पाठवतो, खुर्ची द्या. आवाज म्हातारपणानं बदललेला, माणूस अनोळखी. काकू लगेच हो म्हणायच्या नाहीत. त्या विचारायच्या, "तुमच्या क्वार्टरच्या मागं कोणतं झाड होतं?"

भिलाईच्या क्वार्टरात राहिलेल्या कोणालाही यातली गोम कळेल. पुढून सगळी क्वार्टरं एकसारखी, तोच रंग, त्याच खिडक्या. मागचं अंगण मात्र ज्याचं त्याचं. कुणाचा आंबा, कुणाचं सीताफळ, कुणाचा मुनगा, ज्याला पुण्याकडे शेवगा म्हणतात. हे रस्त्यावरून दिसत नाही, कागदावर कुठं लिहिलेलं नाही, आणि तिथं राहिलेला माणूस ते विसरत नाही. मोठमोठ्या साइट पासवर्ड विसरला की आईचं माहेरचं आडनाव विचारतात. आमच्या लोकांत ते लग्नपत्रिकेत छापलेलं असतं आणि सगळ्या सेक्टरला पाठ असतं. काकूंचा प्रश्न त्याहून कितीतरी पक्का होता. पण तेव्हा मी याला म्हाताऱ्या बाईची लकब समजत होते आणि ऑफिसात सांगून हसत होते.

मग मंडळाचे नवे सचिव आले. प्लांटमधून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, हुशार, कामसू, थोडे हुकमी. त्यांनी मला बोलावून सांगितलं की वही बंद करायची, सगळं मोबाइलवर आणायचं. मी फुकट करून देते म्हणाले. त्यात माझी मिरवण्याची हौसही होती, खोटं कशाला बोलू.

सचिवांनी कागदावर तीन थर काढले. अध्यक्ष आणि सचिव, सगळे अधिकार. कार्यकारिणीला वस्तू देण्याघेण्याचे. बाकी सगळे सदस्य, त्यांनी फक्त पाहायचं, मागायचं आणि वस्तू मिळाली की तसं कळवायचं. मी विचारलं, "काकूंचं काय?"

"अगं, त्या तर आपल्याच आहेत," सचिव म्हणाले.

आपल्याच आहेत म्हणून त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. कार्यकारिणीत त्या कधी निवडून आलेल्या नव्हत्या. मी त्यांना सदस्य करून टाकलं. एका चौकटीत बरोबरची खूण करायची राहिली, बस एवढंच. मनात होतं की नंतर पाहू.

दुसरी चूक त्याहून ढोबळ होती. म्हाताऱ्यांना सोपं जावं म्हणून मी सुरुवातीचा पासवर्ड चार आकडी ठेवला, जन्माचा दिवस आणि महिना. नाव म्हणून सभासद क्रमांक. ऑफिसात कोणी असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. पण घरचं काम म्हटलं की आपण आपले नियम खुंटीला टांगतो. यादी भरताना माझ्या लक्षात आलं की अर्ध्याहून जास्त जुन्या सभासदांचा जन्म एक जुलैचा आहे. बाबांचासुद्धा. खेड्यातल्या शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख ठाऊक नसायची, मास्तर एक जुलै लिहून मोकळे व्हायचे, आणि तीच तारीख पुढे प्लांटपर्यंत गेली. म्हणजे अर्ध्या मंडळाचा पासवर्ड शून्य एक शून्य सात. मला हसू आलं. बाबांना सांगितलं तर तेही हसले. दोन दिवसांत सगळे बदलतीलच, असं म्हणून मी पुढे गेले. कोणीही बदलला नाही.

उद्घाटन दुपारी होतं. नारळ फुटला, पेढे झाले. तेवढ्यात एक गृहस्थ बायकोसाठी वॉकर न्यायला आले. सचिवांनी कौतुकानं टॅबलेट काकूंच्या हातात दिला. काकूंनी चष्मा लावला, वॉकरचं चित्र शोधलं, आणि त्याच्या खालच्या "द्या" या बटनावर बोट ठेवलं. मग पडद्यावर आलेलं एकेक अक्षर लावत त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"हा... अधिकार... आपल्याला... नाही."

सचिव म्हणाले, "काकू, तसं नाही वो, ते सिस्टिम..." काकूंनी टॅबलेट टेबलावर ठेवला. कमरेचा जुडगा काढला, तोही त्याच्याशेजारी ठेवला. वॉकर नेणाऱ्या गृहस्थांना म्हणाल्या, "दादा, थो मंधातला घेऊन जा, त्याचे रबर नवीन हायेत." आणि पिशवी उचलून घरी गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या चारला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आई दोनदा जाऊन आली. काकू गोड बोलल्या, चहा पाजला, पण मंडळाचा विषय निघाला की म्हणायच्या, "आता मी तिथं कायले येऊ? मशीनच सांगून राहिली नं." मी जायला पाहिजे होतं. मी गेले नाही. चौकटीत खूण करायला मला अर्धं मिनिट लागलं असतं, तेही केलं नाही, कारण खूण केली असती तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. त्याऐवजी मी स्वतःला सांगत राहिले की नियम तर नियमच, बाबांनी मला नव्हतं का परत पाठवलं.

त्यानंतरच्या आठवड्यात बाबांचा श्वास अडकला. छातीचा त्रास जुनाच होता, पण या वेळी चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले की ऑक्सिजनचं मशीन घरी हवंच, आजपासूनच. मी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून रायपूरहून निघाले होते. बस कुम्हारीला अडकली आणि आईचा फोन आला. "बाबांले घरी आणलं. मशीन कधी येते? श्वास पाह्य कसा घेऊन राहिले."

मी बसमध्येच माझं स्वतःचं अॅप उघडलं. दोन मशीनं. दोन्हींपुढे लाल अक्षरांत "बाहेर दिलेले". एक दुर्गला होतं, ते मला माहीत होतं. दुसरं एका जुन्या सभासदाच्या नावावर होतं, उद्घाटनाच्याच दिवसाचं. सचिवांना फोन केला. ते म्हणाले, "सिस्टिममध्ये तर दोन्ही बाहेर दिसून राहिल्या. सिस्टिममध्ये जे दिसते तेच फायनल, तूच सांगितलं होतं." खरंच मीच सांगितलं होतं.

मी नोंद तपासली. त्या सभासदाच्या नंबरनं लॉगिन झालेलं, पासवर्ड बरोबर, आणि मशीनपुढचं "मिळाले" हे बटन दाबलेलं. मी त्यांना फोन लावला. म्हातारा माणूस, काकुळतीनं सांगत होता, "बेटा, मी कोणतीच मशीन नाई आणली." मी म्हटलं, "काका, तुमच्या नंबरवरून नोंद झाली आहे, आठवून पाहा." ते पुन्हा नाही म्हणाले. मी चढ्या आवाजात म्हणाले, "नोंद खोटी बोलत नाही, काका." बसमधले लोक माझ्याकडे पाहायला लागले. त्या भल्या माणसानं फोन ठेवला नाही, उलट म्हणाला, "तुह्या बाबांले बरं नाई का?" तेव्हा मला रडू फुटलं.

आईनं पुन्हा फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "काकूले विचार नं." चिडायला वेळ नव्हता. पावर हाउसला उतरले, ऑटो केली आणि काकूंच्या दारात जाऊन उभी राहिले.

काकू दारात आल्या. जाळीचा दरवाजा उघडला नाही. मी धापा टाकत म्हणाले, "काकू, मी आहे."

"कोण मी?"

"काकू, चेष्टा नका ना करू. बाबांना..."

"तुमच्या क्वार्टरच्या मागं कोणतं झाड होतं?"

त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी म्हटलं, "मुनगा."

"चूक," काकू म्हणाल्या. "मुनगा माहा होता. शेंगा तुमच्या अंगणात पडे, म्हणून तुले तुमचा वाटे. तुमच्या मागं जांब होता."

जांब म्हणजे पेरू. बाबांनी लावलेला. त्याच्या फांदीवर बसून मी अख्खं लहानपण काढलं होतं आणि घाबरलेल्या डोक्यातून तो साफ पुसला गेला होता. लोकांची ओळख तपासण्यावर जिचं पोट चालतं, ती बाई स्वतःच्या ओळखीत नापास झाली होती. मी जाळीला धरून म्हटलं, "काकू, माझं चुकलं. ते वाक्य मी लिहिलं होतं. तुम्हाला मी त्या यादीत घालायला हवं होतं, घातलं नाही. आणि नंतर आलेही नाही."

काकूंनी कडी काढली. "रडू नको. बाबांले काय झालं थे सांग."

मी सांगितलं, मशीनचंही सांगितलं. त्यांनी त्या गृहस्थांना फोन लावला. पहिला प्रश्न तोच. पलीकडून उत्तर आलं, "सीताफळाचं, वहिनी. तुमाले मालूम नाई का!" मग काकूंनी विचारलं, "मशीन नेली का?" नाही म्हणाले. काकूंनी फोन ठेवला आणि चपला घातल्या.

"नेली नाई यानं. मशीन तिथंच हाये."

"पण काकू, त्यांच्या नंबरवरून..."

"नंबर त्याचा असन. बोट त्याचं नव्हतं."

नंतर सगळा उलगडा झाला. दुसरेच एक आजोबा घरी बसून अॅप शिकत होते. आपला सभासद क्रमांक टाकताना एक आकडा चुकला, तो नेमका या गृहस्थांचा निघाला. पासवर्ड दोघांचाही एक जुलै. दार उघडलं. समोर मशीनचं चित्र आणि खाली "मिळाले" एवढाच एक शब्द. त्यांना वाटलं, अॅप विचारतंय, मेसेज मिळाला का? मिळाला होता. त्यांनी प्रामाणिकपणे दाबलं. मला त्यांचा राग आला नाही. तो एकटा शब्द तिथं मीच टाकला होता.

मंडळाच्या खोलीत सचिव किल्ल्या घेऊन आले. त्यांनी जुडगा काकूंपुढे धरला. काकूंनी हात पुढे केला नाही. "तिसरं कपाट. तुमीच उघडा," म्हणाल्या. सचिवांनी चार किल्ल्या लावून पाहिल्या, पाचवी लागली. आत जुन्या चादरीत गुंडाळलेलं मशीन होतं, जसं काकूंनी ठेवलं होतं तसं. उद्घाटनानंतर ते कपाट कोणी उघडलंच नव्हतं, कारण पडद्यावर ते रिकामं होतं.

सचिवांच्या गाडीतून मशीन घरी आणलं. काकू सोबत आल्या. त्यांनी नळी कशी लावायची, पाणी कुठवर भरायचं, हे आईला दाखवलं. थोड्या वेळानं बाबांचे खांदे सैल झाले आणि त्यांनी डोळे मिटले. मी काकूंचे पाय धरायला वाकले तर त्यांनी दंडाला धरून उठवलं आणि म्हणाल्या, "चाय मांड."

चहा पिताना मी म्हटलं की उद्याच सगळं बदलते, तुम्ही किल्ल्या परत घ्या. काकूंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तू मले नाई म्हणली, त्याचा राग नाई आला. मी बी लोकाईले नाई म्हणतो. पण नाई म्हणाचं असन तं कोणाले विचाराचं थे बी सांगाव. नुसतं नाई म्हणलं का माणूस कुठी जाईन?"

बाबा नाकात नळी घेऊन पडल्यापडल्या ऐकत होते. हळूच म्हणाले, "मी सांगतलं होतं इले. गेटवर."

मी म्हटलं, "काय सांगितलं होतं? कागद सांगते म्हणाले होते."

"त्याच्या पुढचं," बाबा म्हणाले. "बारा वर्षाची झाली का येजो, अर्ज मीच भरीन."

आणि खरंच. मला एकदम सगळं आठवलं. खिडकीतून बाहेर वाकून त्यांनी माझा हात धरला होता आणि हे म्हटलं होतं. बारा वर्षांची झाले तेव्हा अर्ज त्यांनीच भरला, रजा काढली, आणि लालभडक रूळ धावताना दाखवायला मला रेल मिलमध्ये घेऊन गेले. इतकी वर्षं मी किस्सा अर्धाच सांगत आले होते. माणसाचा राग किती चतुर असतो, सोयीचं तेवढं जपून ठेवतो आणि उरलेलं टाकून देतो. मी उठून बाबांचं पांघरूण नीट केलं.

त्या आठवड्यात मी अॅप पुन्हा लिहिलं. जन्मतारखेचा पासवर्ड काढला. "मिळाले"च्या जागी "ही वस्तू माझ्या घरी पोचली" असं लिहिलं. प्रत्येक सभासदाची ओळख काकू स्वतः फोनवर पटवून घेतील तेव्हाच त्याचं खातं सुरू होईल असं केलं, आणि त्या कोणता प्रश्न विचारतात हे अॅपमध्ये कुठंही लिहिलं नाही. अधिकारांचा एक नवा थर केला. वस्तू कपाटातून बाहेर गेली का आत आली, हे फक्त त्या थरातला माणूस सांगू शकतो. सचिव नाही, अध्यक्ष नाही, मीही नाही. त्या थराला नाव काय द्यावं हे काकूंना विचारलं. "काकूच लिही नं," त्या म्हणाल्या. तेच लिहिलं.

पहिल्याच दिवशी सचिवांनी सवयीनं "द्या" दाबलं. पडद्यावर आलं: "हे काम काकूंकडे आहे. त्या रोज चार वाजता येतात, त्यांना विचारा." सचिव मोठ्यानं हसले. मोठ्या मनाचा माणूस. जुडगा दोन्ही हातांनी पुढे केला, आणि या वेळी काकूंनी तो घेऊन कमरेला लावला. तेव्हापासून मी ऑफिसातही नुसतं "अधिकार नाही" लिहीत नाही. कोणाला विचारायचं हे खाली लिहिल्याशिवाय माझ्या हातून पान पुढे जात नाही. नवी पोरं कुरकुरतात, मी ऐकत नाही.

ते मशीन बाबांजवळ सात महिने चाललं. त्या सात महिन्यांत मी रोज त्यांच्याशी बोलले, प्लांटच्या खिडकीतले किस्से काढून घेतले, हसले, भांडले. एवढा वेळ मला मिळाला तो एका बाईला कपाट आठवत होतं म्हणून. बाबा गेले तेव्हा शांतपणे गेले, दुपारी, आई उशाशी असताना.

तेरावं झाल्यावर मशीन पुसलं, त्याच जुन्या चादरीत गुंडाळलं आणि चार वाजता मंडळात घेऊन गेले. काकू टॅबलेट घेऊन बसल्या होत्या, शेजारी लांब वहीही होती. ती त्यांनी काही सोडली नव्हती. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"क्वार्टरच्या मागं कोणतं झाड होतं?"

"जांब," मी म्हटलं. "बाबांनी लावलेला. मुनगा तुमचा होता, शेंगा आमच्याकडे पडायच्या."

"बराबर," काकू म्हणाल्या. त्यांनी नोंद केली, मशीन तिसऱ्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. मग जुडग्यातून ती किल्ली सोडवायला लागल्या. कडी घट्ट होती, वेळ लागला. किल्ली माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "हे तुह्याजवळ ठेव. माह्यानं आता रोज येणं होत नाई. गुडघे बोलून राहिले."

मी मागे सरले. "काकू, ते अॅपमध्ये मीच बंद केलं आहे. मला तो अधिकार नाही."

"मी देऊन राहिली नं," काकू म्हणाल्या, आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवून वरून मूठ मिटली.